गिअरची तार : एक यांत्रिक कृती आणि तिची मराठी परिभाषा

१. विषयाचे स्वरूप

उल्हास नदी कल्याणपाशी खाडीचे रूप घेते. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्यावरून, डोंबिवलीच्या मोठागाव आणि रेतीबंदर या भागांजवळून ती ठाण्याकडे येते. तेथून तिचे मुख्य पात्र घोडबंदरमार्गे वसईकडे जाते, तर एक अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीला मिळून मुंबई बंदराकडे उतरतो. हा जलमार्ग अतिप्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. आणि शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर मराठी आरमाराच्या नौकाबांधणीचा आरंभ याच खाडीत झाला. १८५३ साली रेल्वे ठाण्यापर्यंत व पुढल्याच वर्षी कल्याणपर्यंत आली आणि खाडीच्या प्रवासी वाहतुकीला उतरती कळा लागली. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग ‘राष्ट्रीय जलमार्ग ५३’ म्हणून घोषित झाला, तेव्हा या पाण्याकडे पुन्हा वाहतुकीच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले.

जेथे यांत्रिक होड्या आल्या तेथे त्यांची दुरुस्ती आली, आणि दुरुस्ती आली की तिची भाषाही आलीच. प्रस्तुत लेखात यांपैकी एकाच लहानशा कृतीचा विचार केला आहे. ती कृती म्हणजे पिछाडीला बाहेरून पाय जोडलेल्या यांत्रिक होडीची गिअरची तार बदलणे व जुळवणे. अशा होड्या खाडीतल्या मासेमारीत क्वचितच आढळतात. तेथे बाहेरून अडकवलेले सुटे यंत्र किंवा आत बसवलेले यंत्र व लांब दांडा हीच रचना रूढ आहे. पिछाडीच्या पायाची रचना मुख्यतः वेगवान प्रवासी व क्रीडानौकांत सापडते. तरीही तिची निवड येथे हेतुतः केली आहे. कारण या कृतीत हात चुकला तर त्याचे फळ तत्काळ मिळते. ओहोटीच्या ओढीत होडी धक्क्याला लागत असताना चालकाने मूठ मधल्या खुणेवर आणली आणि पंखा मात्र पुढच्या दिशेनेच फिरत राहिला, तर धक्क्यावर दोर झेलायला उभ्या असलेल्या माणसाचा पाय होडी आणि दगड यांच्यामध्ये सापडू शकतो. कृतीचे वर्णन करणारे वाक्य संदिग्ध असेल, तर त्या संदिग्धतेची किंमत अशा रीतीने कोणाला तरी मोजावी लागते. मराठी वाक्य ही जबाबदारी पेलू शकते काय, आणि पेलते ती कशाच्या बळावर, हा या लेखाचा प्रश्न होय.

२. यंत्राची रचना

या जातीच्या होडीत यंत्र होडीच्या आत, अगदी मागच्या तक्त्याला लागून बसवलेले असते. त्याची शक्ती मागच्या तक्त्यातील भोकातून एका सांधेदार दांड्याने बाहेर जाते आणि बाहेर टांगलेल्या पायात उतरते. पाय डावी-उजवीकडे वळतो, म्हणून वेगळ्या सुकाणूची गरज उरत नाही. तो वरही उचलता येतो, म्हणून उथळ पाण्यात चिखलाला लागत नाही. ही रचना व्यापारी स्वरूपात प्रथम १९५९ साली व्होल्व्हो पेंटा या स्वीडिश कंपनीने ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने बाजारात आणली. तिच्या कल्पनेशी जिम विन या अमेरिकन अभियंत्याचे नाव निगडित आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतील ‘मर्क्रूझर’ ही बनावट तिच्यामागोमाग आली.

पायाच्या तळाशी जी पेटी असते तिच्यात गिअरची खरी घटना घडते. उभ्या दांड्याच्या टोकाचे लहान दातेरी चाक यंत्र चालू असेतोवर सतत फिरत असते. ते पंख्याच्या दांड्यावर सैल बसवलेल्या दोन दातेरी चाकांना एकाच वेळी परस्परविरुद्ध दिशांनी फिरवते. या दोन चाकांच्या मध्ये दांड्यावर सरकणारे, दोन्ही तोंडांना दाते असलेले एक कडे असते. कडे पुढे सरकून एका चाकात अडकले की होडी पुढे जाते, मागे सरकून दुसऱ्यात अडकले की मागे येते, आणि मध्ये राहिले की पंख्याला गती मिळत नाही. काही बनावटींत दात्यांच्या कड्याऐवजी शंकूच्या आकाराचा क्लच असतो व तो पायाच्या वरच्या पेटीत बसवलेला असतो. पुढील विवेचन मात्र दात्यांच्या कड्याच्या रचनेला धरून केले आहे.

हे कडे सरकवण्याचे काम तारा करतात, आणि त्या दोन असतात. पहिली तार चालकाच्या मुठीपासून यंत्रावरील एका जोडपट्टीपर्यंत येते. दुसरी या जोडपट्टीपासून निघून मागच्या तक्त्यातून बाहेर जाते आणि पायातील सरकपट्टीला जोडलेली असते. सोयीसाठी पहिलीस ‘मुठीची तार’ व दुसरीस ‘पायाची तार’ म्हणू. पाय वळतो व उचलला जातो, म्हणून पायाची तार बाहेरच्या भागात एका रबरी भात्यातून नेलेली असते. हा भाता तारेला वाकू देतो व पाण्याला आत येऊ देत नाही. भाता फाटला तर दोन अनर्थ संभवतात : खारे पाणी तारेत शिरून ती गंजते, आणि तेच पाणी होडीत शिरते. धक्क्याला बांधून ठेवलेली होडी कोणाच्या नकळत बुडण्याचे हे एक कारण असते.

३. तार ओढते, आणि ढकलतेही

कवचातून सरकणाऱ्या तारेची कल्पना अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांच्या १८९६ च्या ब्रिटिश पेटंटामुळे प्रसिद्धीस आली. तिचे तत्त्व सोपे आहे. कवचाची दोन्ही टोके घट्ट धरून ठेवली, तर आतल्या तारेचे एक टोक जितके सरकेल तितकेच दुसरे टोक सरकते. मधली वाट कितीही वळणांची असली तरी चालते. म्हणजे येथे महत्त्व एकट्या तारेचे नसून तार आणि कवच यांच्यातील सापेक्ष गतीचे आहे. कवचाचे एक टोक जरी आपल्या जागेवरून हलले, तरी तेवढी चाल वाया जाते.

सायकलच्या ब्रेकमध्ये हीच तार असते. बजाज स्कूटर ज्यांनी चालवली आहे त्यांना आठवेल की, तिच्या डाव्या मुठीतून गिअरसाठी दोन तारा खाली जात. त्याचे कारण असे की, बारीक पिळाची लवचीक तार फक्त ओढू शकते. ढकलू गेल्यास ती वाकते. म्हणून एका दिशेला ओढण्यासाठी एक आणि उलट दिशेला ओढण्यासाठी दुसरी, अशी जोडी लागे. होडीच्या पायाला मात्र एकच तार जाते, आणि ती ओढते तशीच ढकलते. त्यासाठी तिचा गाभा अधिक ताठ असतो व कवचाच्या आतली जागा नेमकी गाभ्याच्या जाडीपुरतीच ठेवलेली असते, जेणेकरून ढकलताना गाभ्याला बाजूला वाकण्यास वाव मिळू नये.

येथेच भाषेचा पहिला अडथळा येतो. मराठीत ‘तार’ हा शब्द ताणाच्या कल्पनेशी बांधलेला आहे. सतारीची तार, कुंपणाची तार, ब्रेकची तार या साऱ्या ताणल्या की नीट झाल्या असे समजले जाते. ‘तार ढिली झाली आहे, ताणून घ्या’ हे वाक्य सायकलच्या दुकानात संपूर्णपणे योग्य ठरते. होडीच्या तारेला तेच वाक्य लावले तर मात्र ते चुकीचे ठरते. ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या तारेला कायमचा ताण द्यावयाचाच नसतो. ती ताणून बसवली तर पायातले कडे एका बाजूला ओढलेले राहते, मधली स्थिती खरी मधली राहत नाही आणि एका बाजूचे दाते अर्धवट अडकून झिजू लागतात. या तारेची लांबी जुळवावयाची असते, तिला ताण द्यावयाचा नसतो. शब्द जुना असला की त्याच्यासवे जुनी हालचालही हातात येते. म्हणून कृतीच्या वर्णनात ‘ताणणे’ हे क्रियापद कटाक्षाने टाळले पाहिजे.

घर्षणाचा विचारही येथेच केला पाहिजे. वळणातून जाणाऱ्या तारेला लागणारे बळ वळणांच्या एकूण कोनाप्रमाणे घातांकी प्रमाणात वाढते. घर्षणाचा गुणांक ०.१ धरला, तर एकूण १८० अंशांच्या वळणासाठी बळ सुमारे १.४ पट आणि ३६० अंशांसाठी सुमारे १.९ पट लागते. तीच तार गंजून गुणांक ०.३ झाला, तर हे आकडे अनुक्रमे सुमारे २.६ पट आणि ६.६ पट होतात. हे गणित स्थूल असले तरी त्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. नवी तार बसवताना एक अनावश्यक वळण टाळणे हे नुसत्या नीटनेटकेपणाचे काम नव्हे. आणि आज थोडी जड वाटणारी गंजकी तार उद्या अडून बसली तर त्यात आश्चर्य नाही.

४. दोषाची परीक्षा

तार बिघडल्याची लक्षणे ठरलेली आहेत. मूठ जड लागते. मूठ फिरवल्यावर काही वेळाने गिअर पडतो. किंवा गिअरातून मधल्या स्थितीत येताना यंत्रच बंद पडते. या शेवटच्या लक्षणाचे कारण थोडे विस्ताराने सांगणे इष्ट आहे. दाते भाराखाली अडकलेले असताना ते सहजासहजी सुटत नाहीत. म्हणून काही बनावटींत जोडपट्टीवर एक लहान स्विच असतो. तारेवर ओढ आली की तो दाबला जातो, यंत्राची ठिणगी क्षणभर तोडतो, आणि भार हलका होताच दाते सुटतात. दाते सुटले की ओढ जाते व स्विच पुन्हा मोकळा होतो. तार जड झाली असेल, तर ही ओढ क्षणापुरती न राहता टिकून राहते, स्विच दाबलेलाच राहतो आणि यंत्र बंद पडते. अशा वेळी इंधनाची वा विजेची बाजू तपासण्यात पुष्कळ वेळ वाया जातो. प्रत्यक्षात दोष तारेचा असतो.

बोलभाषेतील एक भेद येथे उपयोगी पडतो. मराठीत चालक गिअर ‘टाकतो’ आणि गिअर ‘पडतो’. ‘गिअर टाकला, पण पडला नाही’ हे वाक्य कोणत्याही वाहनचालकाला समजते. पहिले क्रियापद मुठीची स्थिती सांगते, दुसरे पायातल्या कड्याची. या दोहोंमधले अंतर म्हणजेच तारेचा दोष होय. ‘गिअर बदलला’ असे लिहिले की हा भेद पुसला जातो. कर्त्याची कृती आणि यंत्रातली घटना एकाच शब्दात विरून जातात. सूचना लिहिणाऱ्याने म्हणून ‘मूठ पुढे करून गिअर टाकावा आणि तो पडला की नाही हे पंखा हाताने फिरवून पाहावे’ असेच लिहिले पाहिजे.

परीक्षा करताना यंत्र बंद ठेवावे, चावी काढून घ्यावी आणि बॅटरीचे जोड सोडवावेत. कारण पंख्याला हात लावावयाचा आहे. यंत्र स्थिर असताना दाते समोरासमोर येऊन अडू शकतात. म्हणून एकाने मूठ फिरवावी व दुसऱ्याने त्याच वेळी पंखा हाताने हळूहळू फिरवावा. मुठीवर जोर करू नये. यानंतर दोष कोणत्या भागात आहे ते वगळत वगळत ठरवावे. प्रथम मुठीची तार जोडपट्टीपासून सोडवून मूठ फिरवून पाहावी. ती अजूनही जड असेल, तर दोष मुठीत किंवा मुठीच्या तारेत आहे. ती हलकी झाली असेल, तर पायाच्या तारेचे टोक जोडपट्टीवरून सोडवून हाताने पुढे-मागे करावे. तेथे जडपणा आढळल्यास दोष पायाच्या तारेत किंवा प्रत्यक्ष पायात आहे. पाय उतरवल्यावर त्याचा गिअर एकट्याने हलका चालत असेल, तर तार दोषी ठरते.

५. तार बदलणे

मुठीची तार होडी पाण्यात असतानाही बदलता येते. पायाच्या तारेचे मात्र तसे नाही. ती मागच्या तक्त्याच्या भोकातून जाते. ती काढली की भोक उघडे पडते. म्हणून होडी पाण्याबाहेर घेतल्याशिवाय या कामाला हात घालू नये. ठाणे-कल्याणच्या खाडीत या नियमाला एक विशेष अर्थ आहे. येथे दिवसातून दोनदा भरती येते, आणि भरती व ओहोटी यांच्यामध्ये साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते. ओहोटीत काठावर टेकलेल्या होडीवर काम सुरू करावे व भरती येण्यापूर्वी संपवावे, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु एखादा गंजलेला नट अडून बसला तर भरती थांबत नाही. शिवाय होडी चिखलात टेकली तर तिचा भार पायावर येण्याचा संभव असतो. म्हणून अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाच्या पाण्यावर होडी शक्य तितकी वर आणावी व तेथून ती भरतीच्या रेषेच्या वर, ओंडक्यांवर किंवा गाड्यावर पक्की बसवावी. भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढते. त्या दिवसांत काम निश्चिंतपणे करता येते.

कृतीचा क्रम असा आहे.

पहिली पायरी नोंद करण्याची. जुनी तार सोडवण्यापूर्वी तिची वाट, तिची वळणे आणि जोडपट्टीजवळची तिची मापे टिपून ठेवावीत.

दुसरी पायरी पाय उतरवण्याची. काही बनावटींत गिअर पुढच्या स्थितीत ठेवल्याशिवाय पाय सुटत नाही; तसे असल्यास तो आधी पाडून घ्यावा. पाय जड असतो. तो आधारावर घेऊन दोघांनी मागे ओढावा.

तिसरी पायरी तारेची दोन्ही टोके सोडवण्याची. आतल्या बाजूस टोकाच्या डोळ्यातील स्प्लिट पिन व वायसर काढावेत, टोकाचा डोळा व पितळी बॅरल उतरवावेत. बाहेरच्या बाजूस सरकपट्टीतील गाभा धरून ठेवणारा स्क्रू सोडवावा. मग भात्याची पकड सैल करून, बाहेरच्या घरातील आट्यांचा नट त्याच्या खास पान्याने सोडवावा.

चौथी पायरी तार काढण्याची. जुन्या तारेच्या आतल्या टोकाला बारीक पण मजबूत दोरी बांधावी आणि तार मागच्या बाजूने बाहेर ओढावी. तार निघते, दोरी तिच्या वाटेत राहते, आणि याच दोरीने नवी तार आत आणता येते.

पाचवी पायरी नवी तार बसवण्याची. बसवण्यापूर्वी तिचा गाभा कवचात मोकळा सरकतो की नाही हे हातात धरून पाहावे. जुना भाता चांगला दिसत असला तरी तो पुन्हा वापरू नये. तार नवी आणि भाता जुना ही काटकसर महागात पडते. आट्यांना पाणीरोधक लेप लावून नट बसवावा. आत आल्यावर तार धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळापासून, पट्ट्यापासून आणि सुकाणूच्या हलत्या भागांपासून दूर न्यावी. वळणे मोठी व थोडी ठेवावीत. गाभा धरणारा स्क्रू पक्का आवळावा, कारण तो निसटला तर गिअरवरचा ताबाच जातो. निर्मात्याने तसे सांगितले नसेल तर कवचात तेल घालू नये. आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला ते मानवतेच असे नाही.

या वर्णनात ‘सैल’, ‘मोकळा’, ‘सोडवणे’ हे शब्द आले आहेत. ते पर्यायी शब्द नव्हेत. ‘मोकळा’ म्हणजे अडथळ्याविना हलणारा. हा गुण आहे. ‘सैल’ म्हणजे पकड कमी असलेला. तो संदर्भाप्रमाणे गुण किंवा दोष ठरतो. ‘ढिला’ म्हणजे पूर्वी घट्ट असून आता तसा न राहिलेला. हा बहुधा दोषच होय. आणि ‘सुटा’ म्हणजे जोड तुटलेला, वेगळा. नवा गाभा मोकळा हवा, ढिला नको; पंख्याच्या दांड्यावरची चाके सैल हवीत, सुटी नकोत. मराठीच्या सामान्य बोलीत हे चारही शब्द आहेत आणि त्यांतले भेदही बोलणाऱ्यांना ठाऊक आहेत. लिहिणाऱ्याने ते एकमेकांच्या जागी वापरले, तरच त्यांची धार जाते.

६. तार जुळवणे

जुळवणीचा क्रम उलटा करता येत नाही : आधी पायाची तार, मग मुठीची. कारण मुठीची तार ज्या मधल्या स्थितीशी जुळवावयाची ती स्थिती पायाच्या तारेनेच ठरते.

पाय पुन्हा बसवून पायाच्या तारेचे आतले टोक जोडपट्टीवर आणावे. येथे जुळवणीचे साधन म्हणजे आट्यांवर फिरणारे पितळी बॅरल. बॅरलचा मध्य आणि टोकाच्या डोळ्याचा मध्य यांतील अंतर निर्मात्याने ठरवून दिलेले असते. मर्क्रूझरच्या अल्फा बनावटीत ते ६ इंच, म्हणजे सुमारे १५२ मिलिमीटर आहे. दुसऱ्या बनावटीसाठी हाच आकडा वापरू नये. त्या त्या यंत्राची पुस्तिका पाहावी.

त्यानंतर मूठ नेमक्या मधल्या स्थितीत ठेवावी. मुठीच्या तारेचे टोक हलकेच आत ढकलावे व कवचापाशी खूण करावी. मग हलकेच बाहेर ओढून दुसरी खूण करावी. या दोन खुणांमधले अंतर म्हणजे तारेची मोकळी चाल. तिच्या बरोबर मध्यावर टोक ठेवून, टोकाचा डोळा आपल्या खिळीवर घालावा आणि बॅरल आपल्या खिळीवर कोणताही जोर न लावता आपोआप बसेपर्यंत आट्यांवर फिरवावे. बॅरल ओढून बसवावे लागत असेल, तर जुळवणी चुकली असे समजावे. धरून ठेवणारा नट टेकेपर्यंत आवळून अर्धा आटा मागे घ्यावा, म्हणजे बॅरलला वळण्यास जागा राहते. स्प्लिट पिना नव्या घालाव्यात.

यानंतर पडताळा. मूठ पुढे करावी व पंखा हाताने फिरवावा. तो निदान एका दिशेने अडला पाहिजे. मूठ मध्ये आणावी. पंखा दोन्ही दिशांना मोकळा फिरला पाहिजे. मूठ मागे करावी; तो पुन्हा अडला पाहिजे. गिअर पडेपर्यंत मुठीची पुढची चाल व मागची चाल सारखी असावी. एकाच मुठीने गिअर आणि वेग दोन्ही चालत असतील, तर गिअर पूर्ण पडल्याशिवाय वेग वाढता कामा नये. मूठ स्थिर असताना जोडपट्टीवरचा स्विच दाबलेला नसावा. मग होडी पाण्यात उतरवून प्रथम भात्यापाशी व तक्त्यापाशी पाणी येते का ते पाहावे. होडी धक्क्याला पुढून व मागून बांधून मंद वेगात दोन्ही गिअर टाकून पाहावेत. आणि मगच, भरती-ओहोटीच्या मधल्या स्तब्ध पाण्यात, मोकळ्या खाडीत न्यावी.

येथे दिशावाचक शब्दांची एक अडचण उरते. ‘तार पुढे सरकवा’ या वाक्यात ‘पुढे’ म्हणजे नाळेकडे, की टोकाच्या डोळ्याकडे, की होडी पुढे जाईल त्या दिशेने? यंत्रावर वाकलेल्या माणसाचे तोंड बहुधा पिछाडीकडे असते. त्याचे ‘पुढे’ चालकाच्या ‘पुढे’च्या नेमके उलट असते. शिवाय उजवीकडे फिरणाऱ्या व डावीकडे फिरणाऱ्या पंख्यांसाठी तारेची ओढ परस्परविरुद्ध असू शकते. म्हणून ‘पुढे’ व ‘मागे’ हे शब्द फक्त होडीच्या गतीसाठी राखून ठेवावेत. तारेच्या हालचालीसाठी ‘नाळेकडे’ आणि ‘पिछाडीकडे’ असे लिहावे. जो शब्द बोलणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेप्रमाणे आपला अर्थ बदलतो, तो यांत्रिक सूचनेत एकट्याने उभा करू नये.

७. परिभाषा : नामे आणि क्रियापदे

मराठीत सूचनापर गद्य नवे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि नौका कशा बांधाव्यात, पावसाळ्यात त्या कशा ठेवाव्यात याविषयीच्या आज्ञा त्यात आहेत. शिवकाळातच राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले. म्हणजे कृती सांगणारे गद्य आणि नामे घडवणारा कोश या दोन परंपरा मराठीत शेजारी शेजारी चालत आल्या आहेत. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले आणि परिभाषानिर्मितीचे मोठे काम सुरू झाले. या कामाचा भर स्वभावतःच नामांवर राहिला, कारण कोशात सर्वांत सहज मांडता येते ते नाम.

नामांच्या बाबतीत दर्यावर्दी मराठी नेहमीच उदार राहिली आहे. ‘बंदर’ फारसीतून आले, ‘सुकाणू’ व ‘खलाशी’ यांचे मूळ अरबी आहे, ‘चावी’ आणि ‘बिजागरी’ पोर्तुगीजांनी दिली. याच न्यायाने ‘गिअर’, ‘बॅरल’, ‘स्विच’, ‘स्प्लिट पिन’ हे शब्द मराठीत बसले आहेत. ‘वायसर’ने तर मराठी उच्चारही घेतला आहे. त्यांच्या जागी नवे संस्कृत शब्द घडवल्याने कृती अधिक स्पष्ट होत नाही. उलट ज्याच्या हातात पाना आहे त्याला एक नवा शब्द शिकावा लागतो. परकीय नाम राहिले म्हणून वाक्य परके होत नाही.

वाक्याचा नेमकेपणा ज्यावर अवलंबून असतो ते घटक वेगळे आहेत. वर केलेल्या वर्णनात धोक्याच्या ज्या ज्या जागा आल्या, तेथे तेथे निर्णय क्रियापदाने, विशेषणाने किंवा क्रियापदाच्या प्रत्ययाने झालेला दिसेल. ‘टाकणे’ आणि ‘पडणे’ यांनी मुठीची स्थिती व पायाची स्थिती वेगळी केली. ‘ताणणे’ टाळून ‘जुळवणे’ घेतल्याने कड्याचे दाते वाचले. ‘मोकळा’ व ‘ढिला’ यांनी गुण आणि दोष निराळे केले. ‘होडी पाण्याबाहेर घेतल्याशिवाय’ यातील ‘-ल्याशिवाय’ने बुडण्याचा धोका अडवला, आणि ‘आपोआप बसेपर्यंत’ यातील ‘-पर्यंत’ने जोर लावणारा हात थांबवला. ‘पाय उतरवून’ आणि ‘पाय उतरवल्यावर’ यांत जो सूक्ष्म भेद आहे तोही उपयोगी आहे : पहिले रूप दोन कृतींना एका कर्त्याच्या सलग कामात बांधते, दुसरे केवळ काळाचा क्रम सांगते व पुढील कृती दुसऱ्या कोणी केली तरी चालेल अशी मोकळीक ठेवते. दोघांनी मिळून करावयाच्या कामात कोणते रूप वापरले आहे याला महत्त्व येते.

हे सारे घटक मराठीचे स्वतःचे आहेत. ते कोणत्याही कोशाला घडवावे लागले नाहीत, आणि म्हणूनच कदाचित परिभाषेच्या चर्चेत त्यांच्याकडे लक्ष गेले नाही.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष मर्यादित आहे. एका तारेच्या वर्णनावरून सर्व तांत्रिक मराठीविषयी निर्णय देता येणार नाही. तथापि पुढील अभ्यासासाठी एक दिशा त्यातून मिळते. यांत्रिक कामांच्या मराठीचे संकलन करताना अवजारांच्या व सुट्या भागांच्या नावांबरोबरच त्या कामात वापरली जाणारी क्रियापदे, अवस्थादर्शक विशेषणे आणि क्रम दाखवणारे प्रत्यय यांचीही नोंद झाली पाहिजे. ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यात रेल्वेची कर्मशाळा, कारखाने, वाहनदुरुस्तीची दुकाने आणि खाडीवरची वाहतूक ही सर्व एका दिवसाच्या फेरीत पाहता येतात. अशा संकलनाला याहून सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. खाडीच्या मार्गावर प्रवासी नौका वाढल्या, तर त्यांची देखभाल करणाऱ्या तरुणांच्या हाती मराठीत लिहिलेल्या पुस्तिका द्याव्या लागतील. त्या पुस्तिकांतील ‘पुढे’ या एका शब्दाचा अर्थ वाचणाऱ्याला दोन तऱ्हांनी लावता येऊ नये, एवढी काळजी लिहिणाऱ्याने घेतलीच पाहिजे.